जुनाट कंबरदुखी आणि नसांच्या वेदनेसाठी: ॲमिट्रिप्टिलीन की ड्युलॉक्सेटीन?

कंबरेच्या जुन्या दुखण्यावर डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुचवली की अनेकांच्या मनाला लागतं. आपलं दुखणं खोटं ठरवलं, असं वाटतं. तसं काही नसतं. मेंदूच्या तळापासून मज्जारज्जूत उतरणारे काही मज्जातंतू खालून येणारे वेदनेचे संदेश वाटेतच दाबत असतात. त्यासाठी त्यांना नॉरॲड्रेनलीन लागतं, काही प्रमाणात सेरोटोनिनही लागतं. ॲमिट्रिप्टिलीन आणि ड्युलॉक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळ्या ती रसायनं चेतापेशींच्या जोडावर जास्त वेळ टिकवून ठेवतात. म्हणूनच नैराश्य अजिबात नसलेल्या माणसालाही त्यांचा उपयोग होऊ शकतो. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एसिटालोप्राम अशा केवळ सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या वेदनेवर फारशा चालत नाहीत, त्याचंही कारण हेच. वेदनेसाठी त्यांच्यापैकी एखादी सुचवली गेली, तर 'हीच का?' असं जरूर विचारा.

आधी दुखण्याची जात ओळखा

जळजळ, विजेचा झटका बसावा तशी कळ, मुंग्या, बधिरपणा, कपडा घासला तरी सहन न होणं, पायात गुडघ्याखालपर्यंत उतरणारी चमक ही नसेच्या दुखण्याची लक्षणं. वाकल्यावर, उचलल्यावर किंवा फार वेळ बसल्यावर वाढणारं आणि कंबरेपुरतंच राहणारं बोथट दुखणं बहुधा स्नायू-सांध्यांचं असतं. पुष्कळांना दोन्ही असतात. तेव्हा जास्त त्रास कशाचा, ते ठरवावं लागतं.

हा फरक महत्त्वाचा, कारण औषधाकडून काय अपेक्षा ठेवायची ते त्यावर ठरतं. नसांच्या वेदनेवरच्या चाचण्यांचा 2015 साली एकत्र हिशोब मांडला गेला. एका माणसाची वेदना निम्म्यावर यायला ॲमिट्रिप्टिलीनच्या गटातली औषधं सुमारे 4 जणांना, तर ड्युलॉक्सेटीनच्या गटातली सुमारे 6 जणांना द्यावी लागतात, असं त्यात दिसलं. यातल्या बऱ्याच चाचण्या मधुमेह किंवा नागिणीनंतरच्या वेदनेवरच्या आहेत. सायटिकासाठीचा, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यासाठीचा, पुरावा त्या मानाने तोकडा आहे.

निव्वळ कंबरदुखीत चित्र आणखी फिकं आहे. ड्युलॉक्सेटीनच्या गटाने वेदना 100 पैकी सरासरी सुमारे 5 गुणांनीच उतरते, असं 2021 च्या आढाव्यात आढळलं. रोज 25 मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलीन सहा महिने देऊन केलेल्या 2018 च्या चाचणीत शेवटी वेदनेत ठोस फरक दिसला नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना तर नुसत्या कंबरदुखीसाठी या गोळ्या देऊच नका म्हणतात. अमेरिकेत मात्र 2010 पासून ड्युलॉक्सेटीनला त्यासाठी मान्यता आहे. तज्ज्ञांमध्येच एकमत नाही, तेव्हा कुणी खात्रीने 'बरं वाटेलच' म्हणत असेल तर सावध व्हा.

ॲमिट्रिप्टिलीन: रात्रीची गोळी

दुखण्याने झोप मोडत असेल तर आमच्या मते आधी हिचा विचार करावा. सुरुवात 10 मिलिग्रॅमने, वय जास्त असेल तर 5 ने. दर आठवड्याला 10 ने वाढवत बहुतेक लोक 25 ते 50 वर थांबतात, क्वचित 75 पर्यंत जातात. नैराश्यासाठी लागणारा डोस याहून बराच मोठा असतो.

सर्वात जास्त चुका वेळेच्या होतात. झोपताना घेतली की सकाळी दहापर्यंत डोकं जड राहतं आणि माणूस चार दिवसांत गोळी सोडून देतो. तीच गोळी झोपण्याआधी दोन-तीन तास घेतली तर गुंगी रात्रीतच बरीचशी ओसरते. सकाळी डोळ्यांवर झापड असेल तोवर गाडी चालवू नये.

तोंडाला कोरड जवळजवळ ठरलेलीच. पाणी जवळ ठेवा आणि दातांची काळजी घ्या, कारण लाळ कमी झाली की दात किडतात. बद्धकोष्ठता होते, आणि कंबरदुखीत शौचाला कुंथणं म्हणजे नवं दुखणं. म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी आणि चोथा वाढवावा. वजनही वाढू शकतं. रात्री लघवीला उठताना आधी बसा, मग उभे राहा. रक्तदाब उतरून पडल्याने होणारी इजा मूळ दुखण्यापेक्षा महाग पडते.

प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल, काचबिंदूचा बंद कोनाचा प्रकार असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर ही गोळी नको. चाळिशी उलटलेल्यांनी आधी ईसीजी काढलेला बरा. पासष्टीपुढे गोंधळलेपणा आणि पडण्याचा धोका वाढतो. आणि ती कुलपात ठेवा: थोड्याशा गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

गोळी लागू पडतेय पण गुंगी आणि कोरड सोसत नाही, अशा वेळी नॉर्ट्रिप्टिलीन विचारावी. शरीर ॲमिट्रिप्टिलीनपासून जे तयार करतं तेच हे औषध. काम साधारण तेच, त्रास थोडा कमी.

ड्युलॉक्सेटीन: दिवसाची कॅप्सूल

दिवसा डोकं ताजं हवं असेल, मधुमेहामुळे तळपाय जळत असतील, गुडघेही दुखत असतील किंवा सोबत खरंच नैराश्य असेल, तर पारडं इकडे झुकतं. आठवडाभर 30 मिलिग्रॅम, मग 60. त्यापुढे वाढवून वेदनेत बहुधा भर पडत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात. कॅप्सूल फोडून चावू नये. आतल्या दाण्यांवर पोटातल्या आम्लापासून वाचवणारा थर असतो.

पहिल्या आठवड्यातली मळमळ हे ती सोडण्याचं मुख्य कारण. भरल्या पोटी घ्या. ही मळमळ बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते. घाम सुटणं, भूक मंदावणं, झोप उडणं आणि लैंगिक इच्छा किंवा परमोच्च सुख कमी होणं हे बाकीचे त्रास. शेवटचा आपोआप जाईलच असं नाही, आणि संकोचामुळे कुणी तो डॉक्टरांना सांगत नाही. सांगा. रक्तदाब सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर मोजावा.

यकृताचा आजार, रोजचं भरपूर मद्यपान किंवा मूत्रपिंडं फार कमकुवत असतील तर ड्युलॉक्सेटीन टाळतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन सोबत चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कंबरदुखीवाल्यांच्या घरात या गोळ्या हमखास असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. वयस्कर माणसाला, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, सुस्ती आणि भ्रम जाणवला तर रक्तातलं सोडियम तपासावं.

व्हेन्लाफॅक्सीन याच गटातलं. वेदनेसाठी ते 150 मिलिग्रॅमच्या आसपास न्यावं लागतं आणि सोडताना जास्त छळतं. पहिली निवड म्हणून आम्ही ते सुचवणार नाही.

दोन्हींबाबत

ट्रॅमाडॉल चालू असेल तर आधी सांगा. एकत्र घेतल्याने फिट येण्याचा आणि सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो: थरथर, घाम, धडधड, ताप, अस्वस्थता. ड्युलॉक्सेटीनमुळे ॲमिट्रिप्टिलीनची रक्तातली पातळी चढते, म्हणून उरलेली जुनी गोळी मनाने जोडू नये. पंचविशीच्या आतल्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार येतात का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवावं. बायपोलर आजार असेल किंवा गर्भधारणा असेल, ठरवलेली असेल, तर गोळी सुरू करण्याआधीच बोलावं.

लघवी अडकली किंवा नकळत सुटली, जांघेत आणि बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर 'गोळीचा परिणाम असेल' म्हणून घरी थांबू नका. ॲमिट्रिप्टिलीनने लघवी अडकते हे खरं. पण मज्जारज्जूच्या शेवटच्या नसा दाबल्या गेल्या तरी तेच होतं, आणि तिथे तासांचा हिशोब असतो. त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा.

प्रयोग कसा करावा

गोळी सुरू करण्याआधी आठवडाभर तीन गोष्टी लिहा: 10 पैकी वेदना, रात्री किती वेळा जाग आली, किती मिनिटं न थांबता चालता आलं. ठरलेल्या डोसवर पोचल्यावर चार आठवडे द्या, एकूण सहा ते आठ. वेदना निदान 30 टक्के उतरली असेल किंवा चालणं-झोप स्पष्ट सुधारली असेल तर पुढे चालू ठेवा आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. तसं नसेल तर थांबवा. 'अजून थोडे दिवस' करत वर्षानुवर्षं निरुपयोगी गोळी घेत राहणं ही या औषधांची सर्वात सर्रास दिसणारी अडचण आहे.

थांबवणं मात्र एकदम नको. ड्युलॉक्सेटीन 60 वरून 30 वर आणून दोन आठवडे, मग बंद. फार दिवस घेतली असेल तर आणखी सावकाश. ॲमिट्रिप्टिलीन दर आठवड्या-दोन आठवड्यांनी 10 ने उतरवतात. डोस घटवल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं तर ते बहुधा सोडतानाचे त्रास असतात आणि बऱ्याचदा एक-दोन आठवड्यांत निवळतात. मूळ दुखणं परतत असेल तर ते सहसा हळूहळू आणि आधीच्याच जागी परततं.