दरवाजा धरायचा स्टँड मागवला आणि दोनदा फसलो

गेली २२ वर्षं मी पुण्यात दारं बसवतोय. दारं बसवणाऱ्या आपल्या लोकांनी हे नीट वाचावं, म्हणून घडलं तसं लिहितोय.

दार चौकटीत बसवण्याआधी कडेवर उभं करावं लागतं. कडेला रंधा मारायचा, बिजागरीच्या खाचा पटाशीने काढायच्या, लॉकचं घर कोरायचं. हे सगळं होईपर्यंत दार कोणीतरी धरून ठेवायला हवं. सात बाय साडेतीनचं ३५ एमएमचं भरीव फ्लश दार चाळीस किलोच्या आसपास जातं. हेल्पर ते मांड्यांत धरून बसतो, आणि तो जरा हलला की रंधा तिरका जातो. माझ्याकडचा पोरगा मे महिन्यात गावी गेला होता. पावसाआधी कामं उरकायची घाई, त्यात माझी कंबर धरलेली. नेमकी तेव्हाच मोबाईलवर ती जाहिरात आली.

व्हिडिओत एक माणूस एकटाच दार उचलून स्टँडमध्ये ठेवतो. दाराचं वजन खालच्या पट्टीवर आलं की ती दबते, आणि रबर लावलेले दोन्ही जबडे आपोआप आवळतात. दार उचललं की सुटतात. ही युक्ती खरी आहे, असे चांगले स्टँड बनतात. म्हणून तर माझा विश्वास बसला. व्हिडिओ खऱ्या वस्तूचा होता आणि माल भलताच आला, हे नुसत्या व्हिडिओवरून कळायला काही मार्ग नव्हता.

किंमत २,४९९ रुपये, आणि ऑफर त्याच रात्री १२ पर्यंत. पैसे माल आल्यावर द्यायचे होते, तेव्हा बुडण्याची भीती कसली, असं मी धरून चाललो. पार्सल साइटच्या गेटवर आलं. खोका हातात घेतल्याबरोबर हलका लागला. चाळीस किलोचं दार तोलणारी लोखंडी वस्तू इतकी हलकी असणार नाही, हे हाताला कळलं होतं. मी म्हणालो, "दादा, उघडून बघतो आधी." तो म्हणाला, "पैसे दिल्याशिवाय खोका फोडता येत नाही, घ्यायचं नसेल तर परत नेतो." परत ने, एवढंच म्हणायचं होतं. मी पैसे दिले.

आत पातळ पत्र्याचे दाबून वाकवलेले दोन कोन, चार स्क्रू, आणि रबराच्या जागी चिकटवलेली कडक प्लास्टिकची पट्टी. ना कंपनीचं नाव, ना बिल. तरी पैसे गेलेत तर वापरून बघू म्हणून दुसऱ्या दिवशी एका फ्लॅटच्या मुख्य दाराला लावला. पहिली खाच निघाली. दुसरीला पटाशीवर हातोडी मारली आणि पत्रा फाकला. दार टाइल्सवर आडवं झालं, सागाच्या व्हिनियरचा खालचा कोपरा फुटला. पोरगा आदल्या रात्रीच गावाहून परतला होता. त्याने पाय मागे घेतला म्हणून वाचला. मालक तोंडाने काही बोलले नाहीत, पण कोपऱ्याला सागाचा तुकडा जोडून पॉलिश जुळवण्यात माझे दोन दिवस गेले आणि त्या दाराची मजुरी मी मागितली नाही.

इथवर नुकसान सोसण्यासारखं होतं. खरा घाव पुढे बसला.

पैसे परत मागायचे म्हणून मी त्या दुकानाचं नाव इंटरनेटवर शोधलं, तर वरच कस्टमर केअरचा नंबर दिसला. फोन लगेच उचलला गेला. माणूस हिंदीत अगदी अदबीने बोलला, माझी ऑर्डर ऐकून घेतली, माफीही मागितली. रिफंडचा फॉर्म भरायला मदत करतो म्हणून एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्या अ‍ॅपने माझी स्क्रीन त्याला दिसायला लागली. मग क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, "स्कॅन करके पिन डालिए, पैसा आ जाएगा." मी पिन टाकला. ९,००० गेले. "गलती से कट गया, अभी वापस करता हूँ," म्हणत त्याने पुन्हा पिन टाकायला लावला आणि आणखी १५,००० गेले.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. मोबाईलवर पैसे मी रोज देतो, प्लायवाल्याला, हार्डवेअरवाल्याला. तरी त्या वेळी हे डोक्यात आलं नाही, कारण समोरचा माझ्या बाजूने बोलत होता.

त्यानंतर मी दिवसभर गप्प बसलो. घरी सांगायची लाज वाटली. रात्री बायकोने चेहरा बघून विचारलं तेव्हा बोललो. भाच्याने सकाळी १९३० ला फोन लावून दिला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. तिथे कळलं की पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात हलवतात, आणि तक्रार लवकर आली तर वाटेतच थांबवता येतात. माझे ६,२०० एका खात्यात अडकलेले सापडले, ते गोठवलेत. बाकीचे काढून नेले होते. बँकेने सांगितलं की पिन तुम्हीच टाकलाय. त्या गप्प राहण्याचं मला फार वाईट वाटतं, स्टँडच्या पैशांपेक्षा जास्त.

स्टँडची तक्रार ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत ती निकाली काढावी लागते. त्या पानावर यातलं एकही नव्हतं. मी फक्त व्हिडिओ बघितला होता. आता कुठलंही हत्यार घ्यायचं तर आधी पत्ता बघतो, आणि जमलं तर भवानी पेठेत जाऊन हातात घेऊनच आणतो. जबड्यात किती एमएमचं दार बसतं, पत्रा किती जाड आहे, वजन किती पेलतं, हे दुकानदाराला तोंडावर विचारता येतं.

सध्या काम घरच्या जुगाडावर चाललंय. १८ एमएम प्लायच्या फळीवर दोन ठोकळे स्क्रूने बसवले, मध्ये दाराच्या जाडीपेक्षा बोटभर जास्त जागा ठेवली, एक ठोकळा आतून तिरका कापला. फटीत लाकडाची पाचर ठोकली की दार हलत नाही. आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलंय, म्हणजे पॉलिशला ओरखडा येत नाही. दाराच्या दोन टोकांना असे दोन लागतात. साइटवरच्या तुकड्यांतून अर्ध्या दिवसात झाले.

तो पत्र्याचा स्टँड आणि लेबलसकट खोका माळ्यावर ठेवलाय. चौकीतल्या हवालदारसाहेबांनी निकाल लागेपर्यंत फेकू नका म्हणून बजावलंय.