बाबांची फियाट, अकरा महिने आणि वीतभर रबरी पाइप

मे महिन्याच्या भर दुपारी नाशकात सातपूरच्या सिग्नलला गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. मागून हॉर्न चालू होते आणि आई पुढच्या सीटवर पदराने वारा घेत बसली होती. बॉनेट उघडून इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओला फडका टाकला. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. हा फडक्याचा उपाय बाबांचाच.

गाडी 1971 ची फियाट 1100 डिलाइट. तेच 1089 सीसीचं इंजिन, तोच हँडलचा गिअर. बाबा गेल्यावर नऊ वर्षं ताडपत्रीखाली होती. रंग, ब्रेक, सीटा सगळं मनासारखं झालंय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझं भांडण आहे ते पेट्रोलच्या वाटेशी.

या गाडीचा पंप इंजिनलाच बसवलेला, त्याच्या फिरत्या दांड्यावर (कॅमशाफ्टवर) चालणारा. ट्रॅफिकमध्ये तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. फडक्याने फरक पडत होता, म्हणून मीही दोष उन्हालाच दिला. एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटर खोलून साडेचार हजार घेतले. आठवड्यात गाडी पुन्हा उभी! परत गेलो तर म्हणे, "साहेब, जुनी गाडी आहे, असंच चालायचं." याचा राग अजून गेलेला नाही.

मग टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला. दोन महिने भेटेल त्याला तोच बसवायला सांगत होतो. आज तो सल्ला मागे घेतो.

कारण पंप बदलल्यावर बॉनेटखाली पेट्रोलचा वास यायला लागला. भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी जुन्या पंपाशेजारचा रबरी पाइप नुसता वाकवून दाखवला. बारीक भेगाच भेगा! जुना पंप पेट्रोल ओढायचा, त्यामुळे तिथून गळत काहीच नव्हतं, उलट हवा आत शिरत होती. नवा पंप मागून ढकलायला लागला आणि तिथूनच पेट्रोल ठिबकायला लागलं, तेही तापलेल्या इंजिनाशेजारी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. मिस्त्रींनी इथेनॉलला टिकणारा पाइप आणि तसाच डायफ्रॅम (पंपातला लवचिक पडदा) घालून मूळ पंप परत जोडला. सगळे मिळून नऊशे रुपये. त्यानंतर एकदाही फडका लागलेला नाही.

26 जानेवारीला जुन्या गाड्यांच्या फेरीत गंगापूर रोडवर उभी केली होती. बॉनेट उघडल्यावर तपासणाऱ्यांनी आधी तो पंप पाहिला आणि "मूळचाच ठेवलाय, छान," म्हणाले. बक्षीस मिळालं नाही. एक आजोबा मात्र दरवाजाच्या हँडलवर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे होते.

पन्नास वर्षं उलटल्यामुळे व्हिंटेज नोंदणीचा विचार केला होता. वीस हजार फी आहेच, पण त्यानंतर गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर काढता येते. आईला या गाडीतून देवाला जायचं असतं. म्हणून साधी नोंदणीच पुढे चालू ठेवली.

नवरात्रात वणीला निघतोय. नांदुरीपर्यंत फियाट नेणार, पुढे सप्तशृंगी गडावर एसटीने. त्याच पाइपचा आणखी एक वीतभर तुकडा, दोन क्लिपा आणि पेचकस डिकीत ठेवलाय.