अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा निकाल: आधी सारांश, आधी भाष्य की थेट मूळ कागद?

२७ जून २०२५च्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला: अमेरिकेत जन्मणाऱ्या बाळाला आता आपोआप नागरिकत्व नाही. भाची न्यू जर्सीत, एच-वन-बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), सातवा महिना. नवराही एच-वन-बीवरच. अकरा वाजता बहिणीचा फोन आला, "तू बघ जरा, खरं काय ते." 'ट्रम्प विरुद्ध कासा' (कासा ही स्थलांतरितांसाठी काम करणारी संस्था) या निकालाची पीडीएफ उघडली. शंभरावर पानं. पण पहिल्या काही पानांतच स्पष्ट लिहिलं होतं की तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या बाळाला नागरिकत्व नाकारणारा अध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश घटनेच्या नागरिकत्व कलमाविरुद्ध आहे का, हा प्रश्न कोर्टापुढे आलेलाच नाही आणि त्यावर कोर्ट काही बोलत नाही. वाद वेगळाच होता: खालच्या कोर्टातला एक न्यायाधीश सरकारी आदेश सगळ्या देशासाठी रोखू शकतो का? सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर आलं, बहुधा नाही.

तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, वकील नसलेल्या माणसाने हे निकाल समजून घ्यायचे तर वाचायचं काय? माझा कौल आधीच सांगतो. पहिल्यांदा सिलॅबस (निकालाला जोडलेला सारांश), मग असहमतीचं मत (बहुमताशी न पटलेल्या न्यायमूर्तींचं), आणि भाष्य त्यानंतर. एका प्रकारच्या प्रकरणांत मात्र हा क्रम उलटा करावा लागतो, ते पुढे येईलच.

बातमीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जून २०१२मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा निकाल आला, तेव्हा सीएनएन आणि फॉक्स न्यूज या दोघांनीही विम्याची सक्ती रद्द झाल्याचं आधी सांगून टाकलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी व्यापाराच्या कलमाखाली ही सक्ती बसत नाही असं सुरुवातीला म्हटलं होतं, आणि पुढे कर लावण्याच्या अधिकाराखाली तीच टिकवली होती. वाहिन्यांनी पहिला भाग वाचून माइक हातात घेतला. बातमीवरून निकाल लागला एवढंच धरा, काय लागला ते धरू नका.

सिलॅबस म्हणजे निकालाच्या आधी जोडलेला सारांश. आपल्याकडच्या लॉ रिपोर्टमधली हेडनोट जशी, तसाच. काही पानांत प्रकरणाची हकीकत, कोर्टाने काय ठरवलं, का ठरवलं आणि कोण न्यायमूर्ती कोणाबरोबर, सगळं येतं. फुकट मिळतो आणि निकालाबरोबरच येतो. पण त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरात एक टीप असते, ती बहुतेक जण वगळतात: हा सारांश कोर्टाच्या मताचा भाग नाही, कोर्टाच्या रिपोर्टरने (पत्रकार नव्हे, निकाल छापून काढणारा कोर्टाचा अधिकारी) वाचकांच्या सोयीसाठी केलेला आहे. सोबत १९०६च्या डेट्रॉइट टिंबर खटल्याचा हवाला. ही टीप उगाच नाही. १८८६च्या सँटा क्लारा खटल्यात रेल्वे कंपन्या कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या अर्थाने 'व्यक्ती' आहेत, असं रिपोर्टरने हेडनोटमध्ये घातलं. आधार होता सरन्यायाधीश वेट यांच्या युक्तिवादाआधीच्या तोंडी बोलण्याचा. प्रत्यक्ष निकालाने तो मुद्दा ठरवला नव्हता. तरी पुढे कंपन्यांच्या हक्कांच्या बाजूने तो खटला वर्षानुवर्षं पुढे केला गेला. तेव्हा सिलॅबसवर विसंबा, पण कोणाशी वाद घालायचा असेल तर मूळ पान उघडा.

पूर्ण निकाल वाचायचा तर बहुमताच्या मतापेक्षा मला असहमतीचं मत जास्त कामाचं वाटतं. ते चिडून लिहिलेलं असतं आणि त्यात अतिशयोक्ती असते, हे खरं. पण बहुमताने काय झाकलं ते तिथेच कळतं. कासा प्रकरणात न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी पालकांना जवळजवळ सल्लाच दिला की लवकर सामूहिक दावे (काही जणांनी सगळ्यांच्या वतीने केलेले) दाखल करा. गंमत म्हणजे बहुमताच्या बाजूच्या न्यायमूर्ती अलिटो यांनीही आपल्या वेगळ्या मतात त्याच दाराकडे बोट दाखवलं, फक्त ते उघडं राहू नये म्हणून. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या फेडरल न्यायाधीशाने सामूहिक दावा मान्य करून आदेश पुन्हा रोखला. ही दोन मतं ज्याने वाचली होती त्याला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

युक्तिवादाचं रेकॉर्डिंग ही तिसरी वाट. मे २०२०पासून, म्हणजे कोविडच्या काळापासून, कोर्टाचे युक्तिवाद थेट ऐकता येतात. कासाची सुनावणी १५ मे २०२५ला दोन तासांवर चालली. सरकार खालच्या कोर्टांत सगळीकडे हरत राहिलं आणि अपीलच केलं नाही, तर हा प्रश्न आमच्यापुढे कधी येणार, असं न्यायमूर्ती केगन विचारतात तो भाग ऐकण्यासारखा आहे. मात्र प्रश्नांच्या सुरावरून निकालाचा अंदाज बांधू नये, त्यात मी स्वतः बऱ्याचदा तोंडावर पडलोय. स्वयंपाक करताना ऐकायला उत्तम, निर्णय घ्यायला नाही.

आता भाष्य. कासाच्या बहुमताचं मत न्यायमूर्ती बॅरेट यांनी लिहिलं. त्या १७८९च्या न्यायव्यवस्था कायद्यात शिरतात आणि त्या काळच्या इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टाला (मनाईहुकूम वगैरे देणारं वेगळं कोर्ट) असले हुकूम देता येत होते का, ते तपासतात. एच-वन-बीच्या माणसाला वाटेल, याचा इंग्लंडशी संबंध काय? संबंध आहे तो कायद्याचे शब्द लिहिले गेले तेव्हाच्या अर्थाला बांधून राहण्याच्या विचारपद्धतीशी. दुसरी पद्धत बदलत्या काळाबरोबर अर्थ वाढू देते. चांगला भाष्यकार हे दोन परिच्छेदांत उलगडतो, निकालपत्र ते गृहीत धरतं. भाष्य पारखायची माझी कसोटी सोपी आहे: लेखक निकालाचा पान क्रमांक देतो का, आणि समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा मांडतो का? दोन्ही नसेल तर पुढे जा. जुन्या निकालांसाठी काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिसचं (अमेरिकी संसदेचा संशोधन विभाग) 'कॉन्स्टिट्यूशन ॲनोटेटेड' बघा. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्कला १८९८मध्ये नागरिक ठरवणारा निकाल कुठे बसतो, ते तिथे कलमवार मिळतं. कोरडं आहे, पण कोणाचा झेंडा घेऊन उभं नाही.

आणि तो अपवाद. तातडीच्या अर्जांवरचे हुकूम, ज्यांना तिकडे 'शॅडो डॉकेट' म्हणतात, ते कधी कधी एका परिच्छेदाचे असतात. सही नाही, कारणं नाहीत, सिलॅबस नाही. तिथे आधी भाष्यच वाचावं लागतं, दुसरं वाचायला काही नसतंच.

त्या रात्री बहिणीला मी सिलॅबसमधलं ते एक वाक्य मराठीत वाचून दाखवलं. शिवाय आदेश पुढचे तीस दिवस लागू होणार नाही, हेही सांगितलं. भाचीने सोमवारी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन केला. त्याने निकालावर काही भाष्य केलं नाही. दोनच प्रश्न विचारले: बाळाची तारीख कधीची, आणि नवऱ्याचं ग्रीन कार्ड कुठवर आलंय?