हॉस्पिटल मॅनेजमेंटचा डिप्लोमा: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

फी भरली त्या रात्री नवरा म्हणाला, "चौदा वर्षं हॉस्पिटलातच काढलीस, आता हॉस्पिटलबद्दल आणखी काय शिकणार?" प्रश्न रास्त होता. ठाण्यात चाळीस खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलात मी फ्लोअर इन्चार्ज आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून लागले आणि हळूहळू रोस्टर, इंडेंट (स्टोअरमधून सामान मागवायच्या चिठ्ठ्या), नातेवाइकांची भांडणं असं सगळं अंगावर आलं. पण बढतीचा विषय काढला की "मॅनेजमेंटचं काही केलंय का?" हे ऐकायला लागायचं. म्हणून हा ऑनलाइन डिप्लोमा केला. रविवारआड वाशीत वर्ग, बाकी रेकॉर्ड केलेली लेक्चर्स. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

अभ्यास बहुतेक कोपरखैरणे ते ठाणे गाडीत झाला. ऐरोलीला गर्दी चढली की लेक्चर फक्त ऐकायचं, स्लाइड बघायचा प्रश्नच नाही. तसंही बघण्यासारखं फार नसायचं. सर स्लाइड वाचून दाखवायचे.

पहिले दोन महिने वैतागच होता. संघटनेचे प्रकार, अधिकाराची उतरंड, चौकटी आणि बाण. पण मिंट्झबर्ग या व्यवस्थापनतज्ज्ञांनी 1979 मध्ये मांडलेलं एक मॉडेल वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आमचंच! त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हॉस्पिटलात खरी सत्ता वरच्या चौकटीत नसते, प्रत्यक्ष काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे असते. तो साहेबाचं कमी आणि आपल्या शास्त्राचं जास्त ऐकतो. आमचे व्हिजिटिंग कन्सल्टंट राउंडला कधी येतील ते अ‍ॅडमिन ठरवू शकत नाही, आणि आम्ही सिस्टर्स दोघांच्या मध्ये. एकाने सांगितलं पेशंट सोडा, दुसरा म्हणतो बिल झाल्याशिवाय सोडू नका. इतकी वर्षं मला वाटायचं आमच्याकडेच गोंधळ आहे.

पैसे वसूल झाले ते मात्र सहाव्या महिन्यात. विषय होता रांगा. लिटल नावाच्या गणितज्ञाने 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम इतका सोपा आहे की राग येतो: तासाला जितकी माणसं येतात, त्याला प्रत्येक जण किती तास थांबतो त्याने गुणा, म्हणजे आत सरासरी किती माणसं असणार ते कळतं. आमच्या संध्याकाळच्या ओपीडीत तासाला 20 पेशंट येतात, केसपेपरपासून औषध हातात पडेपर्यंत दीड तास जातो. म्हणजे 30 माणसं. खुर्च्या 18. थांबायचा वेळ कमी करायचं सोडून हॉस्पिटलचे मोठे सर नव्या खुर्च्यांचं कोटेशन मागवत होते.

मग प्रोजेक्टसाठी डिस्चार्ज हा विषय घेतला. दोन आठवडे नर्सिंग स्टेशनवर मनगटी घड्याळ आणि जुन्या इंडेंट बुकची पाठकोरी पानं घेऊन 22 डिस्चार्जच्या वेळा लिहिल्या. साडेदहाला डॉक्टर म्हणतात "घरी जा", पेशंट बाहेर पडतो साडेचारला. सगळे खापर फोडतात टीपीएवर, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीवर. मीही फोडायची. पण विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती गेल्यापासून विमा कंपनीला मंजुरी द्यायला तीन तास आहेत. आणि आमचं फायनल बिलच दोन वाजता जात होतं! का, तर उरलेली औषधं फार्मसीत परत जमा झाल्याशिवाय बिल बंद होत नाही, आणि ती औषधांची पिशवी काउंटरवर तास-सव्वातास मामांची, म्हणजे वॉर्डबॉयची, वाट बघत पडलेली. मामा एकच, लिफ्टही एकच.

उपाय असा काढला की संध्याकाळच्या राउंडला "उद्या सोडू" म्हटलं की नाइटच्या सिस्टरने रात्री नऊलाच पिशवी बांधून पाठवायची. तिसऱ्याच दिवशी तोंडघशी पडले. एका आजोबांना पहाटे ताप चढला, डिस्चार्ज रद्द, आणि सहाचं इंजेक्शन फार्मसीत परत गेलेलं. नाइटच्या सिस्टरने मला सकाळी हँडओव्हरला सगळ्यांसमोर सुनावलं, आणि तिचं बरोबर होतं. आता सकाळचे डोस बाजूला ठेवूनच पिशवी बांधतो. बिल बाराच्या आत जातं, पेशंट अडीचच्या सुमारास निघतो. फार्मसीवाल्यांनी पहिला आठवडा तोंड वाकडं केलं, पण सकाळची गर्दी त्यांचीही कमी झाली.

आता तक्रारी. उदाहरणं जवळजवळ सगळी अमेरिकेतली. कैसर नावाच्या तिथल्या संस्थेत विमा आणि हॉस्पिटल एकाच घरातले, तिथली युक्ती इथे कशी चालावी? मदुराईच्या अरविंद या डोळ्यांच्या हॉस्पिटलवर मात्र चांगलं प्रकरण होतं. 1976 मध्ये 11 खाटांनी सुरुवात, एका सर्जनला दोन टेबलं, एक शस्त्रक्रिया संपेस्तोवर दुसरा पेशंट तयार. वाचायला भारी. पण तिथे मोतीबिंदूमागून मोतीबिंदू येतो. आमच्या मजल्यावर डेंग्यू, फ्रॅक्चर आणि सिझेरियन शेजारी-शेजारी.

सगळ्यात खटकलं ते सरकारी आरोग्यसेवेला दिलेलं स्थान. देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीचा 1946 चा अहवाल अर्ध्या पानात गुंडाळलाय. सपाट भागात 30,000 लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा आकडा पाठ करून घेतला, पण पुढे काही नाही. माझी मावसबहीण शहापूर तालुक्यात एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स, आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, लोकसंख्या सोड, पावसात ओढा ओलांडून पाड्यावर जायला किती वेळ लागतो ते मोज." तिच्याशी अर्धा तास बोलून जे कळलं ते अख्ख्या मॉड्यूलमध्ये नव्हतं.

कुणी घ्यावा? वॉर्डात पाच-सात वर्षं घासलेल्या सिस्टरने किंवा बिलिंगवाल्याने जरूर. नुकतंच बीकॉम होऊन आलेल्या पोरांचे आमच्या बॅचमध्ये हालच झाले, त्यांना इंडेंट म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. इंग्रजीची भीती असेल तर घाबरू नका, परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते. आणि प्रोजेक्ट विकत मिळतो, तो घेऊ नका. मग हातात काही उरत नाही.

पगार अजून तेवढाच आहे. मोठे सर "छान" म्हणाले, खुर्च्या मात्र आल्या. सर्टिफिकेट येणार येणार म्हणून पाच आठवडे झाले. नक्की कोणत्या पायरीवर अडलंय विचारायला फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, सिस्टीममध्ये तर डिस्पॅच दाखवतंय."