मालवणात स्कुबा: एक डुबकी मारावी की पूर्ण कोर्स करावा?

मालवणला स्कुबा करायचं ठरलं की दोन पर्याय समोर येतात. पहिला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची हौशी डुबकी: होडीत थोडी माहिती, गाईडसोबत काही मीटर खाली, व्हिडिओ, परत. दुसरा, ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्वतः डाइव्ह करायला शिकवणारा पहिला प्रमाणपत्राचा कोर्स. त्यासाठी तीन-चार दिवस लागतात; तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्रही आहे. लोक दर बघून निवडतात. मला विचाराल तर आधी हे बघा, की वर येताना ताबा कोणाच्या हातात असणार.

कारण स्कुबात बेताल वर येणं फार धोक्याचं. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून कुणी वर आला, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला इजा होते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. 30 मीटरवरून 20 वर येताना हीच वाढ एक तृतीयांश असते. म्हणजे सगळ्यात मोठा फरक वरच्या 10 मीटरमध्येच पडतो. ‘इथे उथळच आहे, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका.

हौशी डुबकीत गाईड तुमचा सिलिंडर मागून धरून असतो. तरंगणं कमी-जास्त करणाऱ्या जॅकेटमधली हवा, खाली राहायला बांधलेला वजनाचा पट्टा, सगळं तोच सांभाळतो. तुमचं काम एकच, श्वास चालू ठेवायचा. पण नाकातोंडात पाणी गेलं की माणूस श्वास कोंडतो आणि वर धाव घेतो, त्या क्षणी सगळी भिस्त गाईडच्या पकडीवर. म्हणून एका माणसामागे एक गाईड आहे का, मास्कमधलं पाणी काढायला आधी कमरेएवढ्या पाण्यात शिकवतात का, होडीवर ऑक्सिजन आहे का, हे विचारूनच पैसे द्या. सर्दी किंवा दमा असेल तर लपवू नका.

कोर्समध्ये ताबा हळूहळू तुमच्याकडे येतो, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. वजन किती लावायचं ते पाण्यातच तपासायला शिकवतात. भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेचंच वजन दोन किलोच्या वर असतं. ती संपत आली की सिलिंडर हलका होतो, आणि सुरुवातीला बरोबर वाटलेलं वजन शेवटी कमी पडून तुम्ही आपोआप वर उचलले जाता. त्यात थोडं वर गेलं की जॅकेटमधली हवा फुगते, वेग वाढतो, वेग वाढला की ती आणखी फुगते. तेव्हा जॅकेटची नळी डाव्या हाताने डोक्याच्या वर धरून बटण दाबायचं आणि हवा सोडायची. हे हाताला सवयीचं व्हावं लागतं, नुसतं ऐकून जमत नाही. मिनिटाला 9 मीटरहून जास्त वेग नको, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा, हेही तिथेच अंगवळणी पडतं. हवा संपली तर सोबत्याच्या जादा रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या साधनावर, कसं यायचं, आणि तोही हाताशी नसेल तर ‘आ’ करत सतत हवा सोडत वर कसं यायचं, याचाही सराव होतो. मालवणचं पाणी अनेकदा गढूळ असतं. आजूबाजूला काही दिसलं नाही तर आपण वर सरकतोय हेच कळत नाही. तेव्हा नांगराचा दोर आणि मनगटावरचा खोलीमापक, एवढाच आधार.

एकदाच समुद्राखालचं जग बघायचं असेल, सोबत दहा-बारा वर्षांची मुलं असतील, तर डुबकी पुरे. फक्त गाईड नीट निवडा. पुन्हा पाण्यात उतरायचं मनात असेल तर कोर्सच करा. आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या प्रवाळ पठाराचं स्वप्न असेल तर मात्र ओपन वॉटरही अपुरं पडेल. त्याची मर्यादा 18 मीटर, आणि विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत समुद्रात असलेलं ते पठार त्याहून खोल आहे.

कोर्सवाल्यांनी परतीचं तिकीट काढताना एक हिशेब धरावा: एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि बऱ्याच डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. चिपी किंवा मोपाहून उडणार असाल तर शेवटचा दिवस किनाऱ्यावरच काढा.