अँपसाठी रिले, सर्वो की ऑनलाइन यूपीएस?

गाणी ऐकायच्या अँपला (अॅम्प्लिफायरला) व्होल्टेजच्या चढउतारापासून सांभाळायला रिलेचा स्टॅबिलायझर घ्यायचा, सर्वो स्टॅबिलायझर की ऑनलाइन यूपीएस? दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर घ्या. अँप ज्या प्लगवर लागणार, तिथलं व्होल्टेज पहाटे, भर दुपारी कूलर चालू असताना आणि रात्री आठ-नऊला लिहून ठेवा. डीपीवर (भागाच्या ट्रान्सफॉर्मरवर) शेतीच्या मोटारी असतील, तर मोटारी चालू आणि बंद असं दोन्ही वेळा. मोजायचं तर मे महिन्यात मोजा, कारण जळगाव-भुसावळकडे लाइनवर खरा ताण तेव्हाच येतो.

आकडे २०७ ते २५३ मध्ये राहत असतील तर स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. टीव्ही, स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारा), डॅक (डिजिटल सिग्नल अॅनालॉग करणारा) यांच्या एसएमपीएसवर (स्विचिंग पॉवर सप्लायवर) १००–२४० लिहिलेलं असतं; पडलेलं व्होल्टेज ते स्वतःच सांभाळतात. प्रश्न उरतो तो जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपचा.

व्होल्टेज पडलं की अँप जळेल ही भीती बहुतेक वेळा फुकाची असते. १८० व्होल्टवर ५० वॉटचा अँप साधारण ३० वॉटवर येतो, म्हणजे कानाला जेमतेम २ डेसिबल. फार खाली गेलं तर प्रीअँपचा (पॉवर अँपच्या आधीच्या टप्प्याचा) रेग्युलेटर व्होल्टेज धरू शकत नाही आणि गुणगुण सुरू होते, किंवा प्रोटेक्शन रिले पडून आवाज बंद होतो. नुकसान करतं ते चढलेलं व्होल्टेज. आतला सप्लाय ५५ व्होल्टचा आणि कपॅसिटर ६३ व्होल्टचे असतील, तर लाइन २६५ ला गेली की कपॅसिटर मर्यादेपलीकडे जातात. डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) वर ठेवलेला असेल तर मोटारी बंद झाल्यावर हे होऊ शकतं.

रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) स्टॅबिलायझर स्वस्त, पण व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं उडी मारत बदलतो. प्रत्येक उडीला सप्लाय क्षणभर तुटतो आणि स्पीकरमधून टक्‌ ऐकू येऊ शकतं. फ्रिजला ठीक, अँपला आम्ही सुचवणार नाही.

सर्वो मोटरनं कार्बन ब्रश सरकवून व्होल्टेज जुळवतो; आउटपुट साधारण १ टक्क्यात ठेवतो, विजेची लाटही बिघडवत नाही. मात्र त्याची मोटर सेकंदाला ३०-३५ व्होल्टच सरकते. लाइट गेली तेव्हा ब्रश १७० च्या जागी होता आणि परत आली ती २४० नं, तर पहिला क्षणभर आउटपुट ३०० च्या वर असतं. म्हणून हाय-लो कटऑफ (व्होल्टेज फार चढलं-पडलं की आउटपुट तोडणारा) आणि ऑन-डिले (आउटपुट थोडं उशिरा देणारा) असलेलाच घ्या. ब्रश जागेवर येईपर्यंत आउटपुट बंद राहायला हवं. कार्बन ब्रश झिजतो, धुळीनं ठिणग्या पडतात. वर्षातून एकदा उघडून साफ करा, आणि सर्वो शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा, तो गुणगुणतो.

ऑनलाइन यूपीएस कागदावर सर्वांत सरस: लाइन कशीही नाचो, आउटपुट स्थिर. पण पंख्याचा आवाज शांत गाण्यात खुपतो. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य दर १० अंश वाढीला जवळपास निम्मं होतं, आणि आपल्याकडचा पारा ४४-४५ ला जातो. शिवाय अँपमधला मोठा टोरॉइड (गोल ट्रान्सफॉर्मर) चालू होताना घेतो त्या झटक्यानं लहान यूपीएस ओव्हरलोड दाखवतो. टर्नटेबल आणि प्रीअँपपुरता छान, पॉवर अँपला महागात पडतो. घरच्या इन्व्हर्टरवर स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाट) असेल तर अँप त्यावर लावूच नका, ट्रान्सफॉर्मर घरघरतो.

‘पॉवर कंडिशनर’ म्हणून विकतात त्यात बहुतेकदा फिल्टर आणि स्पाइक (व्होल्टेजची क्षणिक उसळी) रोखणारा एमओव्ही हा छोटा भाग एवढंच असतं. पडलेलं व्होल्टेज त्यानं वर येत नाही. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ४०० पर्यंत येऊ शकतं; तिथे एमओव्ही जळून जातो, वाचवतो तो कटऑफच.

सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर गुणगुण थांबत असेल तर तो ग्राउंड लूप (उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याचा दोष), त्याला यातलं एकही यंत्र औषध नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी वायरमनकडून न्यूट्रलचे जोड आणि अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात माती कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं.

आमचा कल असा: शहरात कटऑफ आणि एमओव्ही पुरे, लाइनच्या टोकाच्या गावात फक्त अँपसाठी सर्वो. अँपच्या पाठीवर ३०० वॉट लिहिलं असेल तर १ केव्हीएचा सर्वो, आणि त्याची इनपुट रेंज तुमच्या वहीतल्या सर्वांत कमी आकड्याच्याही १० व्होल्ट खाली जाणारी.