‘बुडालेल्या जहाजात नेतो’ म्हणून ७८,१०० रुपये घेतले, जहाजात नेलंच नाही

एका डायव्हिंग अकॅडमीवाल्यानं माझ्याकडून घेतलेले पैसे असे : बुकिंगचे ५,०००, कोर्सचे ४२,५००, साहित्याची अनामत १८,६०० आणि ‘रेक परवान्या’चे १२,००० (रेक म्हणजे बुडालेलं जहाज). एकूण ७८,१००. परवाना कोणत्या कार्यालयाचा, हे पावतीवर लिहिलेलं नाही. जीएसटी क्रमांक नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की अकॅडमीच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव यायचं. विचारल्यावर उत्तर तयार होतं : ‘सर, ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे.’ खासगी खात्यावर फी मागितली की तिथूनच उठा. माझ्यासारखं ‘बरं, असेल’ म्हणू नका.

मी लातूरचा, पेशानं शिक्षक. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला समुद्राच्या तळाची हौस कशाला, असं घरातलेही बोलले. मला ती आहे आणि तिची लाज वाटत नाही. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी तांबड्या समुद्रात बुडवलेलं थिसलगॉर्म हे जहाज, त्याच्या पोटात आजही उभ्या असलेल्या मोटारसायकली आणि लष्करी ट्रक, हे सगळं डोळ्यांनी बघायचं वर्षानुवर्षं मनात आहे. त्यासाठी आधी तारकर्लीला रीतसर ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. त्यावर १८ मीटरपर्यंत उतरता येतं. थिसलगॉर्म ३० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स आणि मग रेकचा. मला हे सगळं माहीत होतं. त्यामुळे ‘न शिकता हावरटपणा केला’ असं मला कुणी म्हणू नये.

अकॅडमीच्या त्या माणसानं छत्रपती संभाजीनगरात जलतरण तलावाची एक बाजू भाड्यानं घेतली होती. बोलणं इतकं मुरलेलं की काय सांगू. निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवायचा प्रकल्प बातम्यांत होताच. त्याचं कात्रण दाखवून म्हणाला, ‘सर, पुढच्या वर्षी तिथं आपलेच लोक गाईड असतील.’ पैसे जूनमध्ये घेतले. पावसाळ्यात कोकणात डायव्हिंग बंद असतं, म्हणून तोवर तलावात सराव आणि दिवाळीनंतर समुद्र. यात संशय घ्यावा असं काय होतं? आता कळतंय, ते चार महिने त्यानं विकत घेतले होते, माझ्याच पैशांनी.

पण एक गोष्ट रात्री अजून झोपू देत नाही. त्यानं मला काहीही विचारलं नाही. लहानपणी मला दमा होता. तारकर्लीत वैद्यकीय फॉर्मवर त्या रकान्यात ‘हो’ लिहिल्याबरोबर त्यांनी मला पाण्यात उतरवायचं नाकारलं. डॉक्टरांकडून तपासून, सही घेऊन या, म्हणाले. तेव्हा राग आला होता. श्वासनलिका आवळलेली असेल तर वर येताना फुफ्फुसात अडकलेली हवा फुगते आणि माणूस मरू शकतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. आणि इथं? फॉर्म नाही, लॉगबुक, म्हणजे आधीच्या डाइव्हची नोंदवही, बघितलं नाही, याआधी किती खोल गेलात हा प्रश्न नाही. प्रश्न एकच : ‘बाकीचे कधी टाकताय?’ मला ते सोयीचं वाटलं. उठून जायची हीच ती वेळ होती. जो शिकवणारा तुम्हाला अडवत नाही, त्याला तुमच्या जिवाशी देणंघेणं नाही.

दिवाळीनंतर मालवणला गेलो. पर्यटकांना नेतात त्याच बोटीतून नेलं, सहा-सात मीटरवर, मागून सिलिंडर धरून. फोटो काढले. मी विचारलं, दोरीचं रील कुठे आहे? जहाजात शिरताना दोरी बाहेर बांधून आत नेतात, कारण पायातली एक फिन (पोहायचा पंखा) चुकीची पडली की गाळ उसळतो आणि हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही. वर छत असतं, सरळ वर येता येत नाही. म्हणून हवेचा एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश परतायला, उरलेला राखीव. सिलिंडरमध्ये हवेचा दाब २०० बार असेल तर साधारण ६५ संपले की वळायचं. मुख्य टॉर्चखेरीज राखीव टॉर्च लागतात. रेकच्या सुरुवातीच्या कोर्सला तर बाहेरचा उजेड दिसेल इतकंच आत जायचं, खोली आणि आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या आत. त्याच्याकडे एकच टॉर्च होता, तोही बंद. म्हणाला, ‘मी आहे ना सर, माझ्या मागं या.’ दुसऱ्या दिवशी ‘पाणी गढूळ आहे’, तिसऱ्या दिवशी ‘परवाना आला नाही’. मग घरी पाठवलं आणि मोबाईलवर सर्टिफिकेट आलं. बालीतल्या तुलांबेनच्या एका डायव्हिंग सेंटरला ते पाठवलं, तर उत्तर आलं : हा क्रमांक कुठल्याच नोंदीत नाही. त्यानंतर त्याचा फोन बंद.

प्रशिक्षकाचा क्रमांक पैसे देण्याआधी मागा. डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणारी संस्था पॅडी असो की एसएसआय, तिच्याकडे थेट तपासा, त्यानं पाठवलेल्या लिंकवरून नाही.

आता पोलिसांचं ऐका. ठाणे अंमलदार पहिल्यांदा हसले. ‘मास्तर, लातूर सोडून समुद्रात काय शोधायला गेलता?’ मग म्हणाले, पैसे ऑनलाइन दिलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणसाला समोर भेटलात, राजीखुशीनं दिलेत, ही दिवाणी बाब आहे. संभाजीनगरात म्हणाले, डायव्हिंग मालवणला झालं, तिकडं जा. मालवणात म्हणाले, पैसे लातूरहून गेलेत, तिकडं जा. घटना कुठंही घडलेली असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. तो कागद छापून नेला, तर साहेब म्हणाले, ‘आम्हाला कायदा शिकवू नका.’ शेवटी साधा अर्ज घेतला, गुन्हा नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण ती सोय पैसे खात्यात असताना गोठवायला. मला कळलं तोवर पाच महिने गेले होते. बँकेनं तर ‘तुम्हीच पिन टाकलात’ एवढं सांगून फाईल बंद केली. एका माणसाला चार दारं दाखवायला यांना पगार मिळतो, आणि तो चोर याच जिल्ह्यांच्या मधे कुठंतरी बसून पुढचं गिऱ्हाईक शोधत असणार.

ग्राहक आयोगात मात्र तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, २०१९ च्या कायद्यानं. मी लातूरला दाखल केली आहे. प्रत्येक व्यवहाराचा स्क्रीनशॉट, तलावावरचे फोटो, त्याचे व्हॉइस मेसेज, सगळं जोडलंय. चॅट पुसू नका, राग आला तरी. अशाच ‘रेक परवान्या’ची पावती आणखी कुणाकडे असेल, तर तुमच्या ठाण्यात तुमचा वेगळा अर्ज द्या आणि त्यावर शिक्का मारून पोच घ्या. एकट्या माझ्या अर्जाला ते दिवाणी म्हणतात. पाच अर्ज पडल्यावर म्हणून दाखवू देत.